म्हातारीची जागा

"आणि वारा कुठून येतो तिथे?" चंद्रकांताने विचारलं.

एकनाथ सावे पेन्सिल कानामागे खोचत होता, त्याचा हात तिथेच राहिला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चंद्रकांता कधी प्रश्न विचारत नसे. तिचं काम गिरवण्याचं. इंजिनिअरने पेन्सिलीने आराखडा काढायचा आणि हिने त्यावर पारदर्शक कागद ताणून तो शाईने उतरवून घ्यायचा. टाकी असो, शेड असो, नाही तर गटार. रेघ म्हणजे रेघ. कॉलेजला पाठवायची घरची ऐपत नव्हती, पण हात स्थिर होता, म्हणून एक लहानसा कोर्स करून ती इथे लागली ती लागलीच. आता तिशी उलटली होती, लग्नाचं बघणं दमून आपोआप बंद पडलं होतं, आणि ऑफिसात तिची ओळख 'सातपाटीची शाईवाली' एवढीच होती. शाई सांडत नाही, सुट्टी मागत नाही, बोलत नाही. असं माणूस मिळायला नशीब लागतं, असं साहेबलोक म्हणायचे, आणि नशिबाला पगारवाढ द्यायची नसते हेही त्यांना ठाऊक होतं.

"वारा काय, सगळीकडूनच येतो," एकनाथ म्हणाला. "डोंगर आहे तो."

"सगळीकडून कसा येईल? वाऱ्याची पण येण्याची बाजू असते. आणि हे जे तुम्ही काढलंय ते आपलं पंपहाउस आहे. मीच गिरवलंय मागच्या वर्षी. पंप तेवढा काढून टाकलाय."

बाकीच्या टेबलांवर कुणीतरी खुदकन हसलं. एकनाथ मात्र चिडला नाही, कारण बाई म्हणत होती ते खरं होतं.

कागद कारखान्याचा नव्हताच. एकनाथ आणि वसाहतीतली काही पोरं मिळून डोंगर चढण्याचं एक मंडळ चालवत. रविवार आला की दोर खांद्यावर टाकून चिल्हारच्या रस्त्याने निघायचे ते पाखाड्या डोंगरावर. त्याच्या माथ्यापाशी एक सुळका होता, त्यावर ही मंडळी लोंबकळायची. पण माथ्यावर डोकं टेकायला जागा नाही. उन्हाळ्यात टाळू भाजून निघते, श्रावणात धुकं उतरलं की आपलाच हात दिसत नाही. एक मुलगा असाच धुक्यात चुकून रात्रभर दगडाखाली कुडकुडला, आणि न्यूमोनियाने महिनाभर अंथरुणाला खिळला. मग मंडळाने वर्गणी काढून पत्र्याची शेड बांधली. पहिल्याच वादळात ती उडाली. एक पत्रा पायथ्याच्या पाड्यावरच्या बुधाच्या गोठ्यावर येऊन पडला. बुधा म्हणाला, देवानं दिला, आणि त्याने तो तिथेच ठोकून टाकला.

"मग तुम्हीच या बघायला," एकनाथ म्हणाला. "रविवारी."

तो गमतीने म्हणाला होता. चंद्रकांता म्हणाली, "येते."

घरी सांगितल्यावर तिच्या आईने, काशीबाईने, मासळीची पाटी दाणकन खाली ठेवली. "डोंगरावं? बायकांचं काय काम डोंगरावं? लाकडं तोडायला जातंस काय गे? लोक काय म्हनतील, जानू तांडेलाची पोरगी डोंगर हिंडते!"

"जाऊ दे गे तिला," ओट्यावर जाळं सांधत बसलेला जानू तांडेल म्हणाला. त्याच्या आवाजात भलतीच उत्सुकता होती. "चंदे, आमी जनमभर दर्यातून तो डोंगर बगत आलू. तिथून दर्या कसा दिसते तेवडा बगून ये. आनी आपली बोट दिसते का, तेबी बग."

जानू तांडेलाचं सगळं आयुष्य डोंगराकडे बघण्यात गेलं होतं, आणि डोंगरावर त्याने पाय म्हणून ठेवला नव्हता. समुद्राच्या तळात खुंट रोवून त्यांना जाळं बांधायचं, त्या जागेला कव म्हणतात. कव घराण्याची असते, बापाकडून मुलाकडे येते. पण पाण्यावर काही पाटी लावलेली नसते. मागे वळून किनाऱ्याकडे बघायचं, एक खूण दुसऱ्या खुणेवर आली की बोट थांबवायची. त्या खुणांची नावं चंद्रकांता पाळण्यात होती तेव्हापासून ऐकत होती. चिमणी, दोन भाऊ, म्हातारी. चिमणी टेकडीला लागली आणि म्हातारी देवळाच्या कळसावर आली की तांडेलांची कव. पण सातपाटीची बाई मासळी विकते, सुकवते, भर बाजारात गिऱ्हाइकाशी भांडते, घर तिच्याच जिवावर चालतं. मासेमारीच्या बोटीवर मात्र ती पाय ठेवत नाही. त्यामुळे म्हातारी म्हणजे नक्की काय, ते चंद्रकांताने कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी तिला वाटायचं, डोंगरात कुणी आजी राहत असेल. मोठेपणी तिने त्याचा विचार सोडून दिला. विचारायची सवयच नव्हती म्हटल्यावर काय!

रविवारी मात्र तिचं तोंड जे सुटलं ते थांबेना. बुधाची बायको ठमी वाट दाखवायला पुढे होती, आणि चंद्रकांता पदर खोचून, चपला हातात घेऊन मागून विचारत होती. हे गवत कधी कापतात? या टाक्यातलं पाणी कधी आटतं? तुझ्या घराच्या भिंतीला फटी का ठेवल्यात?

"ठेवल्या कशाला? कारवीची कूड हाय ती, फटी ऱ्हातातच," ठमी हसत म्हणाली. "खाली शेन-माती लिपतो, वर नाय लिपत. धूर जाया पायजे ना, बाय? तू लय इचारतंस. तुजा नवरा कंटाळत नसंल?"

"नवरा नाही."

"मंग बरा हाय. इचार."

माथ्यावर पोचल्यावर चंद्रकांता गप्प झाली. समुद्र तिने रोज पाहिला होता, पण तो पायाशी पसरलेला. इथून तो लांबवर उभा राहिलेला दिसत होता, घरामागच्या निळ्या भिंतीसारखा, आणि त्या भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढ्या बोटी. त्यातली आपली कोणती ते तिला ओळखता येईना. आजवर घरातल्या बायकांनी दर्याकडे बघत किती संध्याकाळी काढल्या असतील, आणि इथे एका नजरेत सगळं गाव, सगळा दर्या! तिला हसूही आलं आणि डोळेही भरले.

मग ती कामाला लागली. जुन्या साडीच्या चिंध्या तिने बरोबर आणल्या होत्या. त्या काठ्यांना बांधून तिने माथ्यावर ठिकठिकाणी रोवल्या आणि दगडावर बसून बघत राहिली. कुठे चिंधी फडफडते, कुठे नुसती हलते, कुठे मेल्यासारखी पडून राहते. पोरं सुळका चढून, उतरून, डबे खाऊन आली तरी बाई तिथेच.

पश्चिमेच्या कडेला एक जागा तिला पटली. मागे उंचवटा, जवळ पाण्याचं टाकं. फक्त तिथे एक जंगली आंबा होता, अवाढव्य, वाऱ्याने वाकलेला, आतून पोकळ. त्याची एक मोठी फांदी आधीच मोडून लोंबत होती.

"हे झाड उद्या निवाऱ्यावर पडलं तर?" एकनाथने विचारलं.

कारखान्याच्या जागेच्या नकाशांत काढून टाकायच्या झाडांवर फुली असते. चंद्रकांताने अशा फुल्या शेकड्यांनी गिरवल्या होत्या. तिने वहीत झाडाचा गोल काढला आणि त्यावर सवयीने फुली मारली. ठमीचीही हरकत नव्हती. "बरा व्हईल. मधमाश्या हायत त्यात. पोरांना चावतात. आनी आंबे तरी कुटं लागतात त्याला?"

पुढचे दोन महिने ऑफिस सुटल्यावर चंद्रकांता स्वतःचं चित्र काढत होती. दुसऱ्याचं गिरवताना हात चालतो; स्वतःचं काढताना डोकं चालावं लागतं, आणि डोकं चालायला लागलं की झोप जाते. काय ठेवायचं यापेक्षा काय डोंगरावर न्यायचंच नाही, याचा तिने आधी विचार केला. सिमेंट नाही, पत्रा नाही, खिळा नाही. गुडघ्याएवढा दगडांचा पाया, मसाला न घालता रचलेला. त्यावर कारवीची कूड, खाली लिंपलेली, वर मोकळी. बोंबील सुकवायच्या मांडवाला कितीही वारा येवो, मांडव पडत नाही, कारण वारा त्यातून निघून जातो. मग घरातून का जाऊ नये? छप्पर डोंगरावरच्याच गवताचं, बुटकं, चारी बाजूंनी उतरतं. आणि गवत उडू नये म्हणून त्यावर सातपाटीची जुनी, टाकून दिलेली जाळी ताणायची आणि कडांना दगड लोंबते ठेवायचे, जसे किनाऱ्यावरच्या, माडाच्या झापांच्या छपरांवर ठेवतात तसे. मोडलं तर डोंगरावरच्याच वस्तूंनी दुरुस्त व्हावं. नकोसं झालं तर चार पावसाळ्यांत मातीत जावं, दरीत काही लोळत राहू नये.

एकनाथने चित्र उलटंपालटं करून पाहिलं. "बाई, याला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

एकनाथने चित्राची गुंडाळी केली. "कुणाला माहीत! पण बांधून बघू."

जंगलखात्याची परवानगी त्याने खेटे घालून मिळवली. हिवाळ्यापासून बुधा, ठमी आणि मंडळाची पोरं यांनी काम हाणलं. वैशाख सरताना, बोटी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढल्यावर, आंबा पडला, पाड्यावर चुली पेटल्या, मधमाश्या कुठेतरी निघून गेल्या. पाऊस लागायच्या आत निवारा उभा राहिला, चिमणीने डोकं खुपसून बसावं तसा बुटका. आणि ऐन आषाढात, तीन दिवसांच्या झोडपणाऱ्या पावसानंतर, सोमवारी सकाळी एकनाथ नखशिखांत भिजलेला तिच्या टेबलासमोर उभा राहिला. पाणी टपटपत होतं आणि हा वेड्यासारखा हसत होता.

"आत काडी पेटली!" तो म्हणाला. "बाई, बाहेर माणूस उडेल असा वारा, आणि आत काडीपेटीची काडी पहिल्या झटक्यात पेटली! चहा केला आम्ही!"

त्या दिवशी चंद्रकांताला एक रेघ सरळ मारता आली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन एकटीच हसून आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काढलेलं काहीतरी पावसात उभं होतं.

नारळी पुनव झाली, बोटी दर्यात गेल्या, आणि आठवड्याभरात तिच्या हसण्याला ग्रहण लागलं.

जानू तांडेल रिकामा परत आला. एकदा नाही, लागोपाठ. पुतण्या रामा बरोबर होता, खलाशी होते, बोट चांगली होती. कव सापडत नव्हती.

"कव म्हंजे काय सुई हाय हरवायला?" काशीबाई भाकरी थापता थापता कडाडली.

"काकी, म्हातारीच नाय डोंगरावं," रामा म्हणाला. "बोडकी झालीय सगली कड. कशावरना कव धरायची? तो येवडा मोटा आंबा, वाकलेला, काठी टेकून उबी ऱ्हायल्यागत दिसायचा. कोनीतरी तोडला मेल्यानं. हात झडोत त्याचे!"

चंद्रकांताचा घास हातातच राहिला. म्हातारी. वाकलेली, काठी टेकून. तिच्या डोळ्यांसमोर तो पोकळ आंबा आला, लोंबणारी फांदी आली आणि आपल्याच हातची ती नीटनेटकी फुली आली. दोन रेघा. किती सफाईदार काढल्या होत्या!

"माझेच हात ते," ती म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा काशीबाई हलली. मग रामाच्या तोंडाचा पट्टा सुटला. आपल्याच घरातल्या पोरीने आपल्याच घराची खूण तोडावी, याला काय म्हणायचं? ज्यांच्या बोटींवर होकायंत्र होतं त्यांचं भागलं होतं. काकाला किती वेळा सांगितलं, होकायंत्र घ्या, दोरीला वजन लावून तळ मापा, नव्या रीतीने चला. आता खलाशी म्हणतायत, दिवाळीपर्यंत बघू, नाही तर दुसरी बोट धरू. "नायतर सुकानू माज्याकडं द्या, काका. तुमी आता ओट्यावं बसा. ऱ्हाग मानू नका."

"होकायंत्र सांगते उत्तर कुटं," जानू म्हणाला. "माजी कव कुटं, ते त्याला काय ठावं?" पण आवाजात जोर नव्हता. ओट्यावर बसा, हे शब्द त्याला जाळ्यातल्या काट्यासारखे लागले होते. सुकाणू सुटलेला तांडेल म्हणजे पोरांची जाळी सांधत बसणारा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'आज मासळी काय?' विचारणारा माणूस. चंद्रकांताला ते चित्र दिसलं.

ती बापाजवळ जाऊन बसली. "बाबा, शिव्या द्या मला."

"शिव्या देऊन झाड उगवते काय?" जानूने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुला काय म्हाईत व्हतं? आमी बाप्ये तिकडून बगनार, तुमी बाया बगायच्याच नाय. कोनी कोनाला दाकवलं? आता एक कर. तोडलंस तिथं कायतरी उबं कर. दर्यातून दिसंल असं."

"म्हातारी केवढी दिसायची, बाबा?"

"हात लांब करून बोटात मोहरीचा दाना धर," जानू म्हणाला. "तेवडी."

मोहरीच्या दाण्याने तिची पुन्हा झोप उडवली. झाड काही एका वर्षात उगवणार नव्हतं. बांबू उंच करून उपयोग नाही, वारा ठेवणार नाही. मग तिच्या लक्षात आलं, मोठं काढता येत नसेल तर पांढरं काढावं. निवाऱ्याच्या पश्चिमेला, कड्याच्या अलीकडे, पडलेल्याच दगडांची एक रुंद, पुरुषभर उंच भिंत रचायची आणि तिला चुना फासायचा. दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, ते थेट भिंतीवर पडेल. दर्याचा वारा निवाऱ्याआधी भिंतीला लागेल. आणि धुक्यात चुकलेल्या पोरांनाही पांढरं आधी दिसेल. एकनाथला हे शेवटचं एवढं आवडलं की जणू त्यालाच सुचलं होतं अशा थाटात त्याने मंडळाला सांगितलं. चंद्रकांताने त्याला सांगू दिलं.

चुना गावचाच. शिंपल्या भाजून करतात तो. काशीबाईने बाजारातल्या बायकांना कामाला लावलं, टोपल्याच्या टोपल्या शिंपल्या जमल्या, भट्टी लागली. आणि बायकांचं डोंगरावर काय काम असं विचारणारी ही बाई स्वतः चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन पाखाड्या चढली. वर पोचल्यावर कमरेवर हात ठेवून तिने समुद्राकडे पाहिलं. "अगो बाय!" एवढंच म्हणाली आणि बराच वेळ तिथून हलेना. ठमीने तिला पाणी दिलं. मग दोघींनी मिळून मंडळाच्या पोरांना दगड कसे उचलायचे ते ओरडून ओरडून शिकवलं.

भिंत झाली. चुना चढला. जवळून ती डोळ्यांना टोचत होती, पण दर्यातून?

"मी येणार बोटीवर," चंद्रकांता म्हणाली. "मला बघायचंय. कमी पडली तर वाढवीन."

रामाने कपाळावर हात मारून घेतला. "बाई बोटीवं? खलाशी उतरून जातील!"

"कोन उतरते बगू," जानू तांडेल म्हणाला. "जिनं म्हातारी घालवली तिनंच ती दाकवायची. हा माजा शबुद."

कार्तिकातली स्वच्छ दुपार होती. खलाश्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, पण उतरलं कुणी नाही. चंद्रकांता मागे, बापाच्या पायाशी दोरखंडांवर बसली. किनारा लांब जाऊ लागला. घरं काड्यापेट्यांएवढी झाली, मग नुसती माडांची रेघ आणि देवळाचा कळस उरला, आणि त्यांच्यामागे डोंगर एकेक करून मान वर काढू लागले. तिला भीती वाटायला हवी होती, पण बघण्यातच एवढी गुंतली होती की भ्यायला सवड झाली नाही.

"चिमनी टेकडीला लागली!" रामा बोटीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून ओरडला.

जानूने सुकाणू किंचित वळवलं.

"काका सोता कदी बोलत नाय," रामा तिला समजावत म्हणाला. तिच्यावरचा राग त्याने बंदरातच सोडला असावा. "आमच्याकडून बोलवून घेतो. गेली तीन-चार वर्सं असाच. म्हनतो, पोरांचे डोले तयार व्हायला पायजेत. चिमनी आमीच बोलायची, म्हातारीबी आमीच बोलायची. तो नुसता सुकानू धरनार. याला म्हनतात तांडेल!"

ही युक्ती चंद्रकांताला फार आवडली. एक रेघ चिमणीवरून, एक रेघ म्हातारीवरून, दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे कव. म्हणजे बाबाही जन्मभर रेघाच मारत होते की! तिला हे त्यांना सांगायचं होतं.

"आता बोला रे," जानू म्हणाला. "म्हातारी बोला."

खलाशी डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. रामाने मान हलवली. "नाय दिसत."

"बग नीट."

"नाय, काका. उगाच डोंगर चढवला सगल्यांना."

इंजिन तेवढं धडधडत होतं. तेव्हा जानू तांडेल उभा राहिला, मागे वळला आणि त्याने हात लांब केला. "ती काय! आली. फुटलेत काय डोले तुमचे?"

चंद्रकांताने त्याच्या हाताच्या रोखाने पाहिलं. तिकडे डोंगर नव्हता. तिकडे नुसतं आभाळ होतं, खाडीच्या तोंडावरचं, रिकामं. तिला वाटलं आपलंच चुकतंय. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. पाण्यावरून उसळलेलं ऊन तिरपं त्याच्या डोळ्यांत जात होतं आणि तो पापणीसुद्धा मिटत नव्हता. दोन्ही बुबुळांवर विरजण लागल्यासारखी पांढुरकी साय होती. घरात, ओट्याच्या सावलीत, कंदिलाच्या उजेडात कुणी पाहिलीच नव्हती.

तिला सगळं कळलं. आंबा तुटायच्या कितीतरी आधीपासून बाबांना म्हातारी दिसत नव्हती. दुसऱ्यांच्या आवाजावर ते कव धरत होते. आंबा गेला तेव्हा आवाज बंद झाला एवढंच. मी फुली मारली ती झाडावर, आणि लागली ती इथे. त्या हाताला धरून खाली बसवावं आणि मोठ्याने रडावं, असं तिला वाटलं.

रामा काकाच्या हाताकडे बघत होता. मग तो त्या रिकाम्या आभाळाकडे बघायला लागला. त्याचं तोंड उघडलं.

चंद्रकांता ताडकन उठली. डोळ्यांवर तळवा धरून तिने डोंगरांची रांग चाचपली, एकेक कडा, एकेक खिंड, आणि पाखाड्याच्या काळ्या माथ्यावर तिला तो सापडला. मोहरीचा नव्हे, तांदळाचा कण. पांढरा शुभ्र. उन्हात नुसता पेटला होता.

"म्हातारी दिसली!" ती ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. "बाबा, दिसली! कळसाच्या डाव्या अंगाला आहे. रामा, अरे तिकडे काय बघतोस? माझ्या बोटाकडे बघ!"

सगळ्यांच्या माना तिच्या बोटाकडे वळल्या. "अरे हाय! हाय रे!" एक खलाशी ओरडला. रामाही "आयला, हाय की!" म्हणत नाळेवर उड्या मारू लागला. काकाचा हात कुठे होता ते तो विसरला.

जानूने हात हळूच खाली घेतला. तो सुकाणूपाशी बसला.

"बोल गे," तो म्हणाला. "किती ऱ्हायली?"

"अजून डावीकडेच आहे. सरकतेय. अजून थोडं... बाबा, अजून... टेकली! आली कळसावर!"

"इंजिन बंद!" जानू तांडेल गरजला. त्या आवाजात जोर होता. रामाने गळ पाण्यात सोडला, दोनदा रिकामा फिरवला, तिसऱ्यांदा तो कशाला तरी अडकला. खुंटाचा दोर, शेवाळाने माखलेला, पाण्याबाहेर आला, आणि बोटीवर एकच कल्ला झाला. जाळं सोडायची गडबड उडाली. जिला बोटीवर घ्यायला खलाशी तयार नव्हते, तिच्या पायाखालचा दोरखंड एकाने "बाय, जरा पाय उचल" म्हणून आपुलकीने मागून घेतला.

सगळे पुढे होते. मागे दोघंच. जानूचा हात सुकाणूवर होता आणि तोंड डोंगराकडे.

"चंदे," तो अगदी हळू म्हणाला, पुढे ऐकू जाऊ नये असा. "कशी दिसते गे?"

चंद्रकांता त्याच्या अगदी जवळ सरकून बसली. तिने डोंगराकडे नीट पाहून घेतलं, त्याला खोटं काही सांगायचं नव्हतं.

"लहानशी आहे. पांढरी, तुमच्या धुतलेल्या सदऱ्यासारखी. दोन्ही बाजूंना काळा कडा, आणि मधे ती."

"वाकलेली?"

"नाही, बाबा. ताठ आहे."

जानू तांडेलाने मान हलवली. "बरा हाय," तो म्हणाला. "ताठ बरी."